धुऱ्यावरचा ताप

स्क्रब टायफस हा ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ या जिवाणूमुळे होणारा ताप. टायफॉइडशी त्याचा काहीही संबंध नाही. तो दूषित पाण्यातून येत नाही, गवतातून येतो. ‘स्क्रब’ म्हणजे खुरटे झुडपी रान. विदर्भात अशा जमिनीला महसुली कागदांतही ‘झुडपी जंगल’च म्हणतात. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत 2018 च्या पावसाळ्यात या तापाने माणसे दगावली, तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. आजार मात्र जुना आहे. जपानमधील नदीकाठच्या शेतकऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. त्यांच्या भाषेत ‘सुत्सुगा’ म्हणजे आजार, ‘मुशी’ म्हणजे किडा. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही या तापाने असंख्य सैनिक आजारी पडले.

हा किडा म्हणजे माइट, कोळी आणि गोचिडाच्या कुळातला. त्याचे पूर्ण वाढलेले, आठ पायांचे रूप मातीत राहते आणि इतर किड्यांच्या अंड्यांवर जगते. माणसाच्या वाटेला ते जात नाही. चावते ती त्याची अळी, ‘चिगर’. तिला सहा पाय असतात आणि आकार मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. ती आयुष्यात बहुधा एकदाच चावते, तेही उंदीर, घूस, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांना. रानातला उंदीर पकडून भिंगाखाली त्याचा कान पाहिला, तर आतल्या बाजूला नारिंगी ठिपक्यांचा पुंजका चिकटलेला दिसतो. त्या ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका एक अळी असते. ती रक्त पीत नाही. लाळेने त्वचेच्या पेशी विरघळवते, नळीसारखी वाट तयार करते आणि तो रस दोन-चार दिवस शोषत बसते.

जिवाणूचे खरे घर उंदीर नव्हे, माइटच. मादीकडून तो अंड्यांत उतरतो आणि पुढची पिढी जन्मतःच त्याला घेऊन येते. उंदीर या माइटना पोसतो आणि शेतभर फिरवतो. त्यामुळे नुसते उंदीर मारून प्रश्न मिटत नाही. यजमान गमावलेली अळी माणसाकडे वळू शकते. चिगर उडत नाही आणि फार दूर चालतही नाही. म्हणून एका धुऱ्यावर ती दाटीने सापडते आणि शेजारच्या धुऱ्यावर एकही नसते.

सोयाबीन-कपाशीच्या निंदणाला बसलेल्या बाया, गवत कापणारे, शेळ्या चारणारी मुले आणि उघड्यावर शौचाला जाणारे यांना ती चिकटते. चावलेले कळत नाही. साधारण सहा ते एकवीस दिवसांनी थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी अनेकदा काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजतही नाही आणि काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली दडलेली असते. सावळ्या त्वचेवर ती सहज नजरेतून सुटते. संकोचामुळे बाई ती दाखवत नाही, घाईत डॉक्टर पाहत नाहीत, आणि निदानाची सर्वांत स्वस्त खूण वाया जाते. या तापाने येणारे मरण टाळता येण्याजोगे असते, म्हणूनच ते जास्त सलते.

रक्ताच्या आयजीएम एलायझा चाचणीने निदान होते. पण प्रतिपिंडे वाढायला आठवडाभर लागतो. तोवर थांबणे परवडत नाही. जिवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींमध्ये शिरून वाढतो. फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर तो आघात करू शकतो. गोरखपूर भागात पावसाळ्यात मुलांना होणाऱ्या मेंदुज्वरामागे स्क्रब टायफस हे एक मोठे कारण असल्याचे गेल्या दशकात दिसून आले. पेनिसिलिनच्या गटातील औषधांचा यावर उपयोग होत नाही; लागू पडतात ती डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. अतिगंभीर रुग्णांना ही दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास अधिक गुण येतो, हे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. लस अजून नाही.

घराभोवतीचे गवत काढणे, शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, गवतावर थेट न बसणे आणि घरी येताच अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुणे, एवढी काळजी बरीच उपयोगी ठरते. तरीही पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप पाच दिवस हटला नाही, तर आपण गवतात काम केले होते हे डॉक्टरांना न विसरता सांगावे आणि अंगावरची काळी खपली दाखवावी. वेळेवर डॉक्सिसायक्लिन सुरू झाले, तर हा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.