उन्हाने नेलेला रंग

आमच्या वाईच्या घरातली स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. असरच्या सुमारास ऊन थेट कपाटांवर येते. पाडलेल्या एका वाड्याचे सागवान घेऊन अब्बांनी ती करवून घेतली होती. वीस वर्षांत ती फिकी, कोरडी पडली. गेल्या शाबानमध्ये दारावरचे नमाजच्या वेळांचे जुने कॅलेंडर काढले, तर त्याखाली चौकोनभर मूळचा तपकिरी रंग तसाच! किती गेले ते तेव्हा कळले.

मुलांना मॉड्युलर किचन हवे होते. रोख पैसे नव्हते आणि हप्त्यावर घ्यायचे तर व्याज आले. अम्मी म्हणाल्या, "सागवान आहे बाळांनो, आतून काही झालं नाही त्याला."

ते खरे निघाले. लाकडाचे तंतू धरून ठेवणारे लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटते. खिडकीची काच हे किरण पूर्ण अडवत नाही. पण ते लाकडात खोल जात नाहीत, बिघडतो तो वरचा अगदी पातळ थर. हळदीचा डागही असाच उन्हाने उडतो, हे हळदीच्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आधी दारे उतरवून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढला. धुण्याचा सोडा वापरू नका, सागवान काळवंडते. मग आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून पाहिला. पॉलिश चिकट झाले, म्हणजे ते लाखेचे होते, स्पिरिटनेच निघाले. त्यानंतर 120, 180 आणि शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने, हाताने. प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर 220 वरच थांबा. तो घासून निघाला की परत येत नाही. सनमायका असेल तर हा उपाय नाहीच.

रंग उजळायला अळशीचे तेल घेतले. दुकानात ते 'डबल बॉइल्ड' म्हणून मागावे. निम्मे टर्पेंटाइन मिसळून पातळ हात दिला, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घेतले आणि चार दिवसांनी दुसरा हात. सिंक आणि शेगडीजवळच्या दारांना मात्र तेल न लावता, स्पिरिटने पुसून, पारदर्शक पीयू लावले. सागात स्वतःचे तेल असते, ते वरून पुसले नाही तर पीयू नीट सुकत नाही. दोन्हींच्या रंगात थोडा फरक आहे, तो आम्हालाच दिसतो.

आता जी चूक झाली ती सांगतो. तेलाची फडकी आम्ही बोळे करून बादलीत टाकली. मगरिबनंतर बादली उचलली तर फडकी गरम! अळशीचे तेल सुकताना उष्णता सोडते. ढीग केला तर ती आत कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. अल्लाहने वाचवले. फडकी लगेच पाण्यात बुडवावीत, मग बाहेर मोकळी पसरून वाळू द्यावीत. घरात मुले असतात, हे विसरू नका.

रमजानला अजून दोन आठवडे होते, तोवर वास गेला. कॅलेंडरचा चौकोन आता शोधूनही सापडत नाही. खिडकीला जाड पडदा शिवला आहे. असरला तो ओढायचा राहिला, की अम्मी आतून हाक मारतात.