दाराशी टांगलेली धानाची झालर आणि तिची दोन पाखरे

दिवाळी जवळ आली की रायपूरच्या बाजारांत पणत्या, रांगोळीचे रंग आणि झेंडूच्या राशी यांच्या शेजारी धानाच्या लोंब्यांच्या विणलेल्या झालरी विक्रीस येतात. वर काड्यांची सपाट वेणी आणि तिच्याखाली ओळीने लोंबणाऱ्या भरल्या लोंब्या, एवढेच तिचे रूप. छत्तीसगडमध्ये तिला झालर म्हणतात. पहटा आणि पिंजरा ही तिची आणखी दोन नावे. हळव्या वाणांचे नवे धान हाती आले की घरातील जाणती माणसे ती विणतात आणि दाराच्या चौकटीवर किंवा अंगणाकडील वळचणीला टांगतात. हे लक्ष्मीला दिलेले आवतण असून दाणे टिपायला येणाऱ्या चिमण्या ते तिच्यापर्यंत पोहोचवतात, अशी श्रद्धा आहे.

मराठी घराला ही कल्पना परकी नाही. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह बांधून त्याचे ‘नवे’ दाराला लावतात. रायपुरात तर भोसल्यांच्या अमलापासून स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत आणि तात्यापारासारख्या वस्तीच्या नावातच त्या इतिहासाची खूण उरली आहे. दूर नॉर्वेमध्येही नाताळात ओटच्या लोंब्यांची पेंढी घराबाहेर उंच बांधतात, तीही पाखरांसाठीच.

या सर्व प्रथांत एक गोष्ट समान आहे. टांगलेले धान्य टिकवण्यासाठी नसते, संपण्यासाठी असते. अलीकडे मात्र झालर भेटवस्तू झाली. ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन दुसऱ्या गावी जाते, दिवाणखान्याच्या भिंतीवर वर्षभर राहते, कधी तिला चकाकीसाठी व्हार्निशही लावतात. तेथे चिमणी पोहोचत नाही. दुसरे पाखरू मात्र पोहोचते. ‘धान्याला पाखरू लागले’ असे शेतकरी म्हणतात, तेव्हा त्यांना पक्षी अभिप्रेत नसतो, धान्याचा पतंग अभिप्रेत असतो.

विणकाम

झालरीसाठी लोंबी नेमकी केव्हा कापावी, यावर पुढचे सारे अवलंबून असते. लोंबीतील वरचे दाणे पिवळे झालेले आणि बुडाकडचे थोडे अजून हिरवट असावेत. पूर्ण वाळलेल्या लोंबीचे दाणे विणतानाच झडतात आणि काडी मोडते. फार हिरव्या लोंबीचे दाणे पुढे सुरकुततात. सकाळी दव असताना कापणी केल्यास काडी लवचिक राहते. लोंबीखाली वीतभर काडी ठेवावी आणि तिच्यावरील पानाचे आवरण सोलून काढावे. उंच देशी वाणांची काडी लांब असल्याने त्यांची वेणी सुबक येते. बुटक्या सुधारित वाणांत हात थोडा आखडतो. काही देशी वाणांची तुसे जांभळी किंवा काळसर असतात, काहींना लांब कुसळे असतात. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या रायपूर येथील संग्रहात धानाचे 23 हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. त्यावरून या प्रदेशातील लोंब्यांच्या रंगरूपाची कल्पना यावी.

विणण्याची रीत फुलांच्या वेणीसारखी आहे. तीन काड्यांची गाठ बांधून पेड घालायला सुरुवात करावी आणि प्रत्येक पेडागणिक एक नवी काडी अशी घ्यावी की तिची लोंबी खालच्या बाजूस लोंबत राहील. काडी कडक वाटल्यास तिच्यावर ओले फडके फिरवावे. लोंबी मात्र भिजवू नये. दाराच्या रुंदीएवढी वेणी झाली की दुसरे टोक सुतळीने आवळावे. एकाच हाताने विणलेली झालर सलग दिसते, दोघींनी मिळून विणलेली लवकर होते. दिवाळीच्या गडबडीत बहुधा दुसरी पद्धतच चालते.

विणून झाल्यावर तीन-चार दिवस हवेशीर सावलीत टांगून वाळवावी. कापणीच्या वेळी दाण्यात ओलावा 20 टक्क्यांच्या वर असतो. तो 13 टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय झालर गुंडाळली तर तिला बुरशी येते. घरी ओलावा तपासण्याची एक जुनी युक्ती उपयोगी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून बाटली नीट हलवावी. मीठ काचेला चिकटले तर धान अजून ओले आहे.

दुसरे पाखरू

धान्याच्या पतंगाचे शास्त्रीय नाव सिटोट्रोगा सेरिअलेला. फ्रान्समधील आंगुमुआ प्रांतात या किडीने धान्याचा इतका नाश केला की 1760 मध्ये दुहामेल द्यु माँसो आणि तिये या दोन शास्त्रज्ञांना पाहणीसाठी पाठवण्यात आले. त्यांचा अहवाल 1762 मध्ये प्रसिद्ध झाला आणि किडीच्या इंग्रजी नावाला तो प्रांत कायमचा चिकटला. हा पतंग गवताच्या रंगाचा, सेंटिमीटरभर लांबीचा असतो. त्याच्या मागच्या पंखाचे टोक बोटासारखे निमुळते असून पंखाच्या कडेला लांब केसांची झालर असते. प्रौढ पतंग धान्य खात नाही आणि जेमतेम आठवडाभर जगतो. नुकसान करते ती अळी.

मादी दाण्यांवर किंवा त्यांच्या फटींत अंडी घालते. ती आधी पांढरी आणि मग लालसर होतात. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक असते. तुसाच्या दोन पाकळ्यांमधील फटीतून ती आत शिरते आणि त्याच एका दाण्यात वाढून कोषात जाते. कोषात जाण्यापूर्वी ती दाण्याच्या कडेला एक गोल खिडकी कुरतडून ठेवते, पातळ पापुद्रा शाबूत ठेवून. पतंग पुढे तो पापुद्रा ढकलून बाहेर पडतो. तोपर्यंत दाणा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास पाच आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतो. थंडीत तो लांबतो.

या किडीच्या दोन सवयी झालरीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ती शेतात उभ्या पिकातच पक्व होणाऱ्या लोंब्यांवर अंडी घालू शकते, म्हणजे लोंबी घरी येताना पाहुणा बरोबरच आलेला असू शकतो. दुसरी सवय तिच्या दुबळेपणाची आहे. सोंडे धान्याच्या राशीत खोलवर शिरतात. हा नाजूक पतंग मात्र वरच्या वीतभर थरापलीकडे फारसा जात नाही. म्हणूनच कोठीतील धानावर राखेचा जाड थर पसरण्याची जुनी रीत या किडीपुरती तरी शास्त्राला धरून आहे. झालरीला मात्र खोली नसतेच, तिचा प्रत्येक दाणा पृष्ठभागावर असतो. पतंगासाठी याहून सोयीची जागा माणसाने क्वचितच तयार केली असेल.

झालर अंगणात असेल तर चिमण्या आणि मुनिया दाण्यासकट अळी संपवतात. त्यामुळे दारावरची जुनी झालर कीड-व्यवस्थापनाच्या कसोटीवर उत्तम उतरते. तीच झालर घरात, धानाच्या कोठीजवळ किंवा तांदळाच्या डब्याच्या खोलीत फाल्गुनापर्यंत राहिली, तर उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्यातून निघालेले पतंग थेट साठ्याकडे वळतात. कोठीत वर्षाचे अन्न आणि पुढच्या हंगामाचे बियाणे असलेल्या घरात हे नुकसान शोभेच्या वस्तूपुरते राहत नाही.

काय करू नये

पतंग दिसले की पहिला हात डासांच्या फवाऱ्याकडे जातो. झालरीवर कोणतेही कीटकनाशक फवारू नये. ती पाखरांचे ताट आहे आणि कीटकनाशक माखलेला दाणा चिमणीच्या पोटात जाणार आहे. त्याच कारणाने व्हार्निश, रंग आणि सोनेरी फवारेही टाळावेत. लोंब्या कोणत्या शेतातून आणल्या, हेही विचारायला हवे. तपकिरी तुडतुड्यांचा, म्हणजे छत्तीसगडी भाषेतील ‘माहो’चा उपद्रव नेमका लोंबी भरण्याच्या सुमारास वाढतो आणि फवारण्याही तेव्हाच होतात. औषधाच्या लेबलवर फवारणी व कापणी यांतील प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो. तो पूर्ण न झालेल्या शेतातील लोंब्या झालरीसाठी घेऊ नयेत. बीजप्रक्रिया केलेले धान तर मुळीच वापरू नये.

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांबाबत अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचाही तो जीव घेतो. राहत्या घरात, मग ते कोठीतील धानासाठी असो वा झालरीसाठी, या गोळ्या आणूच नयेत.

उष्णता आणि थंडी

आंगुमुआच्या त्या दोन शास्त्रज्ञांनी सुचवलेला मुख्य उपाय धान्य तापवण्याचा होता. तो आजही घरी करता येतो. वाळलेली झालर काळ्या प्लास्टिकवर पसरावी, वरून पारदर्शक प्लास्टिक झाकावे आणि चारही कडांवर दगड ठेवावेत. निरभ्र दिवशी दुपारी चार-पाच तास, असे दोन दिवस ठेवल्यास आतील तापमान 50 अंशांच्या वर जाते आणि ते काही तास टिकले की दाण्यातील अळीही मरते. झालर आधी सावलीत वाळलेली असणे मात्र गरजेचे आहे, नाहीतर आत वाफ धरते. बियाण्यासाठी राखलेल्या धानाला हा उपाय करू नये.

झालर लहान असेल तर फ्रीझर अधिक सोयीचा. पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, म्हणजे दाण्यांवर दव धरत नाही. थंडीने काडीचा रंग उतरत नाही, त्यामुळे भेट द्यायच्या झालरीसाठी हीच पद्धत उजवी ठरते.

दोन्ही उपायांनी असलेली कीड मरते, नवी येण्यास अटकाव होत नाही. म्हणून झालरीला मुदत असावी. छत्तीसगडच्या पंचांगात ती मुदत आयतीच सापडते. पौष पौर्णिमेला येथे छेरछेरा साजरा होतो, मुले दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना धान दिले जाते. दिवाळीत टांगलेली झालर छेरछेरापर्यंत उतरवली, तर थंडीमुळे मंदावलेल्या किडीला पिढ्या वाढवण्यास अवसरच मिळत नाही. उरलेले दाणे कोंबड्यांना घालावेत, काडी जनावरांपुढे टाकावी किंवा कंपोस्टमध्ये मिसळावी. दाण्यांवर गोल खिडक्या दिसू लागल्या असतील तर मुदतीची वाट पाहू नये.

भेट देताना झालर कागदी पिशवीत द्यावी आणि सोबत एक चिठ्ठी जोडावी: बाहेर टांगावी, पाखरांना खाऊ द्यावी, पौष पौर्णिमेला उतरवावी. बचत गटांच्या भगिनींनी विक्रीच्या झालरींना अशी छापील चिठ्ठी लावल्यास ग्राहकाचा विश्वास वाढेल आणि पुढच्या वर्षी तो नवी झालर घेईल. वर्षभर टिकणारी झालर विकण्यापेक्षा हा व्यवहारही बरा. परदेशातील नातलगांसाठी मात्र ती बॅगेत भरू नये. खापरा भुंगेऱ्याच्या धास्तीने 2011 पासून अमेरिकेने भारतासह ही कीड आढळणाऱ्या देशांतून प्रवाशांच्या सामानात तांदूळ आणण्यास मनाई केली आहे, आणि इतर देशांतही बी-धान्याच्या वस्तूंवर वनस्पती संगरोधाचे नियम असतात.

झडलेल्या दाण्यांच्या लाह्या

विणताना कितीही जपले तरी चटईवर पायलीभर नाही, पण दोन-चार वाट्या दाणे झडतातच. ते पाखडून, वाळवून लक्ष्मीपूजनाच्या लाह्यांसाठी वापरावेत. लोखंडी कढईत बारीक, धुऊन वाळवलेली वाळू चांगली तापवावी आणि मूठमूठ साळ टाकून झाऱ्याने भरभर हलवावी. दाणे फुटताच चाळणीवर काढून वाळू झाडावी, नंतर लाह्या सुपात घोळून तुसे वेगळी करावीत. साळ फार वाळली असेल तर पाण्याचा हलका हबका मारून, झाकून ठेवून मग भाजावी. साधारण 14 टक्के ओलाव्याला लाही चांगली फुलते. ज्या वाणाची तुसे घट्ट मिटलेली असतात, त्याच्या लाह्या अधिक फुटतात, कारण वाफ आत कोंडली जाते. अशा घट्ट तुसाच्या दाण्यात पतंगाच्या अळीलाही शिरकाव कठीण जातो. दाणा निवडताना गृहिणी आणि कीटकशास्त्रज्ञ यांचे येथे एकमत व्हावे.

लाडवांसाठी चार वाट्या निवडलेल्या लाह्या, एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप आणि थोडी सुंठ घ्यावी. गुळात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पाक करावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी वळली की तूप व सुंठ घालून कढई उतरवावी आणि लाह्या घालून हलक्या हाताने कालवावे. हाताला पाणी लावून लाडू गरम असतानाच वळावेत. पाक कच्चा राहिला तर लाडू दुसऱ्या दिवशी बसतात, जास्त झाला तर दाताला लागतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर ते आठवडाभर कुरकुरीत राहतात.