कुमारवयीनांची प्रेमकादंबरी आणि तिच्यावरील आक्षेप

लोकप्रिय वाङ्मयाच्या सर्वच प्रकारांना टीकेचे प्रहार सोसावे लागतात. परंतु कुमारवयीन वाचकांच्या, विशेषतः मुलींच्या, प्रेमकादंबऱ्यांवर ज्या तीव्रतेने टीका होते ती तीव्रता रहस्यकथा किंवा साहसकथा यांच्या वाट्याला सहसा येत नाही. साहसकथेचा नायक असंभाव्य पराक्रम करतो, रहस्यकथेत एकामागून एक खून पडतात. तरी ते वाचून तरुण पिढीचे काय होईल, ही चिंता समीक्षकास फारशी ग्रासत नाही. प्रेमकथेच्या बाबतीत मात्र ती तत्काळ उपस्थित होते. या भेदाची कारणे शोधू लागले म्हणजे असे दिसते की, ‘आक्षेप’ या एकाच नावाखाली परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा तीन गोष्टी वावरत असतात : कृतीच्या कलात्मक दर्जाविषयीचा निर्णय, तिच्या परिणामाविषयीची धास्ती आणि तिच्या वाचकाविषयीचा तुच्छभाव. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे अशा कादंबऱ्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यांची समीक्षा थोडीच होते.

यांतील धास्ती फार जुनी आहे. १७५० साली ‘रँब्लर’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात डॉ. जॉन्सन यांनी तत्कालीन नव्या कादंबरीचा विचार केला. राक्षस आणि शूर सरदार यांच्या जुन्या अद्भुतकथांत वाचकाला स्वतःचे प्रतिबिंब दिसण्याचा संभव नव्हता. नवी कादंबरी मात्र त्याच्यासारख्याच माणसांविषयी बोलते, आणि तिचा वाचक बहुधा तरुण व अननुभवी असल्यामुळे तो तीतून वर्तनाचे धडे घेतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धोका आहे तो साम्यात, हे जॉन्सन यांनी अचूक ओळखले. रहस्यकथा वाचणारा मुलगा स्वतःस गुप्त पोलीस समजत नाही. परंतु प्रेमकथा वाचणारी मुलगी पुढे आपल्यावर येणाऱ्या प्रसंगाचीच ती तालीम करीत आहे, असे मानले जाते. प्रेमकथेकडे अधिक संशयाने पाहिले जाते त्याचे एक मूळ येथे आहे.

या प्रश्नाची चर्चा एखाद्या विशिष्ट कृतीच्या आधारे करणे इष्ट होय. त्या दृष्टीने अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५), ‘न्यू मून’ (२००६), ‘एक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) या चार कादंबऱ्यांहून अधिक सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. जगभर त्यांच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि त्यांच्याइतका उपहासही अलीकडच्या काळात क्वचितच एखाद्या कादंबरीमालेच्या वाट्यास आला असेल. कथानक साधे आहे. बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावी वडिलांकडे राहावयास येते आणि एडवर्ड कलन या सहाध्यायाच्या प्रेमात पडते. एडवर्ड हा रक्तपिपासू योनीतील आहे. त्याचा जन्म १९०१ मधला; १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणोन्मुख असता त्याचे रूपांतर झाले, आणि तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच राहिला आहे. तिच्या रक्ताचा गंध त्याला अनावर होतो आणि तरीही तो स्वतःस आवरतो, या एका ताणावर पहिली कादंबरी उभी आहे.

पहिला आक्षेप भाषेवरचा. नायकाच्या रूपाची तीच ती वर्णने, विशेषणांची उधळण, संथ घटनाक्रम हे दोष कोणाही चिकित्सक वाचकाच्या नजरेत भरतात. भयकथाकार स्टीफन किंग यांनी २००९ मध्ये मेयर यांच्या लेखनगुणांवर अत्यंत कठोर अभिप्राय दिला तो याच अंगाने. त्याच वेळी, मुलींना आकर्षक आणि सुरक्षित वाटेल अशा रीतीने त्या प्रेमाची ओढ रंगवितात, हेही किंग यांनी सांगितले होते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ढिसाळ भाषा ही अनेक लोकप्रिय कथाप्रकारांची समाईक मिळकत आहे. या कादंबऱ्यांविषयीचा विशेष रोष तीवरून उलगडत नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा. आणि तो दोन परस्परविरुद्ध दिशांनी आला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९ सालच्या यादीत, ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांत या मालेचा क्रम पाचवा होता. धार्मिक दृष्टिकोन, उघड लैंगिकता आणि वयास अयोग्यता ही कारणे नोंदविली गेली. वस्तुतः या कथेतील प्रेमिकांचा शरीरसंबंध विवाहानंतरच, चौथ्या कादंबरीत, येतो. म्हणून दुसऱ्या बाजूने स्त्रीवादी समीक्षकांनी नेमका उलट दोष दिला : येथे संयमाचेच प्रलोभन करून दाखविले आहे, नायिका सतत दुबळी, रक्षणाची गरज असलेली आहे आणि अठराव्या वर्षी विवाह व जिवावर बेतणारे गर्भारपण हेच तिचे भागधेय ठरते. एकाच पुस्तकावर स्वैरतेचा आणि अतिसंयमाचा असे दोन्ही आरोप व्हावेत यावरून एवढे दिसते की, आरोपकर्त्यांची नजर पुस्तकाइतकीच, किंबहुना अधिक, मुलगी कशी असावी या स्वतःच्या कल्पनेवर खिळलेली होती.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणण्याच्याही योग्यतेची नाही. पण पहिल्या दोहोंना धार येते ती तिच्यामुळे. २००९ साली सॅन डिएगो येथील कॉमिक-कॉन या संमेलनात ‘ट्वायलाइट’च्या चाहत्या मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा त्यांच्या येण्याने संमेलनाचा नाश झाला अशा आशयाचे फलक काहींनी झळकविले. चित्रकथांतील अतिमानवी वीरांचे वेड ज्यांना स्वाभाविक वाटते त्यांना मुलींचे वेड मात्र हास्यास्पद वाटावे, यात वाङ्मयीन निकष कोणताच नाही. जेनिस रॅडवे यांनी १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून घेतले. घरकामातून स्वतःसाठी काढलेला वेळ हाच त्यांच्या वाचनाचा मोठा अर्थ होता आणि कथांची निवड त्या बऱ्याच चोखंदळपणे करीत. वाचक म्हणजे मातीचा गोळा आणि पुस्तक म्हणजे साचा, ही समजूत या अभ्यासापुढे टिकत नाही. रॅडवे यांच्या वाचक प्रौढ होत्या हे खरे. पण कुमारवयीन मुलीला विवेक नसतोच, असे मानण्याचा अधिकार त्यामुळे कोणास प्राप्त होत नाही.

मराठी वाचकाला या प्रकरणाचे धागे ओळखीचे वाटतील. १८६८ च्या ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी, आपल्याकडील विवाहाच्या रीतींमुळे नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही उरत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशी कैफियत मांडली. जेथे प्रेमाराधनाचे वयच विवाहाने गिळले होते तेथे प्रेमकथेला वास्तवात जागा कोठून मिळणार? ती जागा पुढे महाविद्यालयीन जीवनाने दिली आणि ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी ती भरली. तिच्याबरोबर तरुण मनाच्या बिघाडाची चर्चाही आली. चंद्रकांत काकोडकर यांच्या, ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या लेखकास सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मुक्त केले. कथा फार उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, पण एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता; आणि प्रेम व शृंगार असलेले विपुल वाङ्मय कुमारवयीनांनाही उपलब्ध असल्याचे न्यायालयाने लक्षात घेतले होते. दर्जाचा प्रश्न आणि अपायाचा प्रश्न न्यायालयाने वेगळे ठेवले. समीक्षेने तर ते वेगळे ठेवावयासच हवेत.

मग या कादंबऱ्यांविरुद्ध टिकेल असा आक्षेप उरतो की नाही? उरतो, आणि तो नीतीचा असूनही निवेदनपद्धतीतून सिद्ध होतो. पहिल्या कादंबरीत एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत असतो. ‘एक्लिप्स’मध्ये तिने जेकब या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातील भाग काढून ठेवतो. बेला संतापते. आपण येऊ नये असे वाटत असेल तर खिडकी लावून घे, असे त्याने सांगितलेले असते, म्हणून ती खिडकी आदळून बंद करते. आणि थोड्याच वेळात ती पुन्हा सताड उघडते. असा प्रसंग रंगविण्यात दोष नाही. प्रेमातील अधिकारवृत्ती आणि तिच्यापुढील शरणागती हा कादंबरीचा उत्तम विषय होऊ शकतो. प्रश्न असा की, ती खिडकी उघडली जाताना वाचकाला बेलाच्या पलीकडचे काही दिसते काय?

तुलनेसाठी दूर जावे लागत नाही, कारण बेला स्वतःच ‘वुदरिंग हाइट्स’ची पारायणे करते. १८४७ च्या त्या कादंबरीतील हीथक्लिफ एडवर्डपेक्षा कितीतरी क्रूर आहे. परंतु त्याची कथा लॉकवुड हा परका मनुष्य ऐकतो आणि नेली डीन ही दासी सांगते. दोघांच्याही शहाणपणाविषयी वाचक साशंक राहतो. शिवाय हीथक्लिफला प्रेमकथेचा नायक समजून त्याच्याबरोबर पळून जाणारी इझाबेला ही तेथे आहे, आणि तिच्या भ्रमाची थट्टा खुद्द हीथक्लिफच करतो. म्हणजे प्रेमकथेच्या वाचकाची संभाव्य चूक एमिली ब्राँटेने कथेतच घडवून दाखविली आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दंगर ॲबी’तील कॅथरिन मोर्लंड हीही बेलाप्रमाणेच सतरा वर्षांची आणि भयरम्य कादंबऱ्यांची वेडी. ऑस्टिन तिला हसते, पण त्याच पुस्तकात कादंबरीवाचनाची बाजूही हिरिरीने घेते. जनरल टिल्नी पत्नीचा खुनी असल्याचा कॅथरिनचा तर्क खोटा ठरतो; तो मनुष्य निर्दय आहे हे मात्र खरेच निघते.

मेयर यांची माला जवळजवळ सर्वत्र बेलाच्याच तोंडून येते. ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड निघून गेल्यावर पानांवर केवळ ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी ही महिन्यांची नावे उरतात, कुमारवयातील शोकाची ती पोकळी एवढ्या साध्या उपायाने साधणे हा लेखिकेचा खरा गुण होय, आणि टीकाकारांनी तो क्वचितच मान्य केला. परंतु ज्या आत्मनिवेदनामुळे ही तन्मयता शक्य होते त्याच्याबाहेर उभे राहण्यास या कथेत कोणालाच जागा नाही. वडील आणि जेकब हे आक्षेप घेतात, पण कथेचा शेवट त्यांना चुकीचे ठरवितो. नायिका दुबळी असल्याच्या टीकेला उत्तर म्हणून मेयर यांनी २०१५ मध्ये ‘लाइफ अँड डेथ’मध्ये स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल केली, आणि २०२० च्या ‘मिडनाइट सन’मध्ये तीच कथा एडवर्डच्या तोंडून सांगितली. तेथे आपले वर्तन अनुचित आहे हे तो स्वतःशी कबूल करतो. परंतु त्या कबुलीने त्याच्याविषयी करुणा वाढते, कथेचा निर्णय बदलत नाही. पात्रे बदलली, निवेदक बदलला. अंतर मात्र निर्माण झाले नाही.

कुमारवयीन प्रेमकादंबरीवरील टीका न्याय्य व्हावयाची असेल तर तिने वाचकाची कीव करणे सोडून कृतीच्या या अंगाकडे वळले पाहिजे. सतराव्या वर्षीचे प्रेम हा क्षुल्लक विषय नव्हे. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची नायिका तर चौदाही वर्षांची नाही. त्या वयाची उत्कटता लेखकाने पूर्णपणे खरी मानावी आणि तरीही तिच्या शेजारी एक उघडा डोळा ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. ज्या कृती ती पुरी करीत नाहीत त्यांना दोष अवश्य द्यावा. मुलगी त्या हातात घेते, यात मात्र दोष कोणताच नाही. तिलाही अधिक चांगली कादंबरी मिळण्याचा हक्क आहे, आणि तो मान्य केल्यावाचून तिच्या आवडीवर टीका करण्याचा अधिकार समीक्षकास येत नाही.