एका गावाची दोन नावे : निकोसियाच्या सांडपाणी प्रकल्पातील भाषाव्यवहार

सायप्रसची राजधानी निकोसिया ग्रीक भाषेत लेफ्कोसिया, तर तुर्की भाषेत लेफ्कोशा या नावाने ओळखली जाते. १९६३च्या अखेरीस दोन समाजांतील संघर्षात तिच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेषा ओढली गेली. १९७४मध्ये विभाजन संपूर्ण बेटाचे झाले. सांडपाण्याला मात्र ही रेषा मानणे शक्य नव्हते. जमिनीचा उतार ईशान्येकडे असल्याने दक्षिणेतील ग्रीक वस्तीचे पाणी तुर्की भागातच उतरणार होते, आणि अखंड शहरासाठी पूर्वी आखलेल्या योजनेतील शुद्धीकरणाची जागाही तिकडेच गेली होती.

लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी या दोन नगरप्रमुखांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही योजना एकत्र पुरी करण्याचे ठरवले. खरी अडचण तंत्राची नव्हती, शब्दांची होती. करारावर सही करणाऱ्याचे पद लिहावे लागते, आणि पद लिहिले की त्यामागील सत्तेला मान्यता दिल्यासारखे होते. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मध्यस्थीने झालेल्या या व्यवहारात दोन शासने नव्हे, तर दोन 'समाज' एकमेकांशी बोलत राहिले. १९८०च्या सुमारास केंद्र सुरू झाले.

हे केंद्र ज्या गावी आहे त्याचे ग्रीक नाव मिया मिलिया. १९७४पूर्वी तेथे ग्रीक सायप्रसी राहत. ते विस्थापित झाल्यावर गाव हास्पोलात झाले. एक नाव घेणे म्हणजे विस्थापन नाकारणे, दुसरे घेणे म्हणजे ते मान्य करणे. बेळगाव की बेळगावी हा वाद ऐकलेल्या मराठी अभ्यासकाला नावाचे हे वजन समजावून सांगावे लागत नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत दोन्ही नावे मधे तिरकी रेघ देऊन लिहिली जातात : मिया मिलिया/हास्पोलात. अनुवादात एका शब्दाच्या जागी दुसरा येतो. येथे तसे होत नाही. दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात आणि त्यांतला खरा कोणता, हे रेघ सांगत नाही. अनुवादमीमांसेने या विरामचिन्हाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही.

जुन्या केंद्रातील उघडी तळी वाढत्या शहराला अपुरी पडू लागल्यावर युरोपीय संघ आणि दक्षिणेतील मलनिस्सारण मंडळ यांच्या खर्चाने नवे केंद्र उभे राहिले. २०१४मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेथे जीवाणू सेंद्रिय घाण कुजवतात व नंतर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळले जाते. क्षमता रोज सुमारे ३०,००० घनमीटर. सिंचनायोग्य झालेले ते पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र रेघेने सुटत नाही. घाणीची वाटणी होऊ शकते, पाण्याची मालकी पुन्हा नाव विचारते.

२०१७मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथे बेटाच्या एकीकरणाची बोलणी निष्फळ ठरली. तेव्हा तुर्की सायप्रसी पक्षाचे नेतृत्व मुस्तफा अकिंजी यांच्याकडे होते.