आधी ट्यून, मग तलवार!

रोल-प्लेइंग गेम, अर्थात आरपीजी. आपल्या भाषेत सांगायचं तर सोंग घ्यायचं आणि ४०-५० तास त्यातच राहायचं! एवढा वेळ गोष्ट मनात टिकते कशी? जळगाव-धुळ्याच्या लग्नघरातला गोंधळ आठवा. आख्यान सांगणारा थांबतो, संबळ चढतं आणि आता काहीतरी घडणार हे पेंगुळलेल्या पोरांनाही कळतं.

आरपीजीचं म्युझिक हेच करतं, पण एक लोचा आहे. संबळवाला समोरच्यांकडे बघून लय लांबवतो. गेमच्या संगीतकाराला तुम्ही दिसतच नाही. एखाद्या गावात तुम्ही दोन मिनिटं थांबाल की दोन तास, त्याला काय माहीत? म्हणून चाल फिरून फिरून वाजत राहते, आणि ऐकून ऐकून ती त्या गावाची, त्या माणसाची होऊन जाते.

'फायनल फँटसी ७'मध्ये नोबुओ उएमात्सुनं याचा सॉलिड वापर केलाय. एरिथ ही फुलं विकणारी मुलगी. ती मारली जाते (स्पॉयलर म्हणून ओरडू नका, गेम १९९७चा आहे!). लगेच राक्षस समोर येतो, पण लढाईचं नेहमीचं धडामधूम संगीत वाजतच नाही. तिचीच हळवी चाल सुरू राहते. बटणं दाबताना बोटं जड होतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये 'राजी' आणला. तो पक्का आरपीजी नव्हे, पण भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट अस्सल इथली. संगीत मात्र ग्रीसच्या लिनोस त्झेलोसचं. छानच आहे ते! पण पुढच्या वेळी कुणीतरी संबळ ऐकायला धुळ्याची गाडी पकडा की राव.