वाहतूक अभ्यासाची फी चौरस फुटावर ठरत नाही

गिरगाव ते लालबाग, चाळीच्या पुनर्विकासाची कुठलीही बैठक असो, एक सूचना हमखास येते: ‘वाहतूक सल्लागाराची फीही आर्किटेक्टसारखी टक्क्यावर नाहीतर चौरस फुटावर लावून टाका.’ हिशेब सोपा आहे, पण चुकीचा आहे.

आर्किटेक्टचं काम इमारतीबरोबर वाढतं. वाहतूक अभ्यास होतो रस्त्यावर. चौकाला चार रस्ते आणि प्रत्येकावरून डावीकडे, सरळ, उजवीकडे जाणारे, असे 12 प्रवाह. दर 15 मिनिटांना नोंद करत 16 तास मोजलं, की एका चौकाच्या 768 नोंदी होतात; त्याही दुचाकी, मोटार, बस, ट्रक, हातगाडी यांच्या वेगवेगळ्या. मजले वाढवले म्हणून या चौकातलं मोजणीचं काम वाढत नाही. चौक दुप्पट केले की दुप्पट होतं. मोठ्या प्रकल्पाचा परिणाम लांबवर जातो हे खरं, पण मग पैसे त्या वाढीव चौकांचे द्या!

मोजणीनंतरचं डोक्याचं काम वेगळंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी 106) रस्त्यावरच्या भाराच्या हिशेबात मोटारीला 1 धरलं, तर हातगाडीला 2 ते 3 धरतात. दादरच्या बाजारात हे विसरून कसं चालेल? शिवाय पुनर्वसनातल्या छोट्या घराच्या आणि विक्रीच्या आलिशान फ्लॅटच्या गाड्या सारख्या धरता येत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘जुनी मोजणी चालेल.’ सप्टेंबर 2025मध्ये परळला जोडणारा प्रभादेवीचा पूल बंद झाला आणि वाहनं टिळक पूल, करी रोडकडे वळली. परळचे त्याआधीचे आकडे आता कालबाह्य.

‘गणपतीत मोजा, गर्दी कळेल.’ लालबागचे ते दिवस रोजचे नव्हेत.

‘उपनगरातला अहवाल नाव बदलून वापरू.’ माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाच नाही.

‘पर्यावरण मंजुरी, आणि म्हणून वाहतूक अभ्यास, प्रत्येक चाळीला लागतो.’ 2006च्या अधिसूचनेनुसार बांधकामांसाठी ही मंजुरी 20,000 चौरस मीटरपासून लागते. त्याखाली कुणी अभ्यास मागितला, तर कोणत्या नियमाने, ते लेखी घ्या.

‘सर्वांत स्वस्त तोच रास्त.’ मोजणी न करता केलेला अहवाल स्वस्तच पडणार.

म्हणून दरपत्रक मागवताना चौक किती, तास किती, मोजणी माणसांनी की कॅमेऱ्यांनी, बैठका आणि दुरुस्त्या किती, हे कलमवार लिहून घ्या. नुसता एकच आकडा पाठवणाऱ्याचं दरपत्रक परत करा.