हातदांडे, शिडाच्या नौकेवरील
लहान शिडाच्या नौकेच्या डेकवर वा केबिनच्या छपरावर चालताना तोल सावरण्यासाठी बसविलेले लाकडी किंवा धातूचे दांडे. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या संथ पाण्यात त्यांची फारशी गरज भासत नाही. भर समुद्रात मात्र नौका एका अंगावर कलून चालते, डेक ओले व निसरडे असते आणि शीड आवरण्यासाठी डोलकाठीपर्यंत जावेच लागते. ‘एक हात नौकेसाठी, एक हात स्वतःसाठी’ हा दर्यावर्दींचा जुना नियम हातदांडा भक्कम असेल, तरच पाळता येतो. एकट्याने प्रवास करणारा पाण्यात पडल्यास त्याला वर ओढून घेणारे कोणीच नसते.

जागा व द्रव्य : सुकाणूपासून डोलकाठीपर्यंत जाताना एक पकड सोडण्यापूर्वी दुसरी हाती यावी, अशा बेताने दांडे बसवितात. दांडा व पृष्ठभाग यांत बोटांची मूठ सहज मावेल एवढे अंतर ठेवतात. साग खाऱ्या पाण्यात टिकतो व ओल्या हातालाही चांगली पकड देतो. धातूच्या दांड्यांसाठी मॉलिब्डेनमयुक्त अगंज पोलाद वापरतात, कारण खाऱ्या पाण्याने पडणाऱ्या खड्ड्यांना ते अधिक प्रतिकार करते.

बसविण्याची पद्धती : घसरणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनापेक्षा पुष्कळच अधिक असतो. त्यामुळे नुसते स्क्रू उपटून निघण्याचा संभव असतो. म्हणून डेकमधून आरपार बोल्ट घालून खालच्या बाजूस धातूची रुंद पट्टी देतात. त्यामुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. पुष्कळ नौकांचे डेक काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड घालून केलेले असते. अशा डेकमध्ये भोक प्रथम मोठे पाडून ते एपॉक्सी रेझिनाने भरतात व ते घट्ट झाल्यावर त्यातूनच बोल्टाच्या मापाचे भोक पाडतात. असे न केल्यास भोकातून झिरपणारे पाणी आतील लाकडात पसरून ते कुजते. भोकाची वरची कड थोडी उतरती करून तेथे लवचिक जलरोधक लेप भरतात. घट्ट आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवितात. बोल्ट फिरल्यास लेपाची पकड सुटते. आतून दिसणारे तपकिरी ओघळ किंवा ठोकल्यावर येणारा बद्द आवाज ही डेक कुजू लागल्याची चिन्हे होत. वरून घट्ट भासणारा पण खालून कुजलेला दांडा दांडा नसण्यापेक्षाही घातक ठरतो, कारण त्यावर विसंबून माणूस आपला सारा भार टाकतो.

भारतीय नौका : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने व न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सुमारे 10 मी. लांबीची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार थांबे घेऊन व अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ ही नौका उलथली, तेव्हा टॉमी पडून त्यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. अशा प्रसंगी हातदांडे एकटे पुरे पडत नाहीत. कडेच्या संरक्षक तारा व अंगावरील पट्ट्यास जोडलेली सुरक्षादोरी यांची जोड त्यांना द्यावी लागते.